नियम-उपयुक्ततावाद : अपवादाच्या प्रश्नाची चिकित्सा

प्रस्तावना :

नैतिक निर्णय घेताना समोरच्या कृतीचे परिणाम पाहावेत की मान्य नियमाला अनुसरावे, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. बेंथम आणि मिल यांच्या उपयुक्ततावादाने परिणाम हाच नीतीचा निकष मानला. पुढे या विचाराच्या दोन शाखा झाल्या. रिचर्ड ब्रँट यांनी १९५९ मध्ये त्यांना कृति-उपयुक्ततावाद व नियम-उपयुक्ततावाद अशी नावे दिली. पहिली शाखा प्रत्येक कृती तिच्या परिणामांवरून तपासते. दुसरी शाखा नियम परिणामांवरून तपासते आणि कृती त्या नियमावरून ठरविते. दुसऱ्या शाखेची खरी कसोटी अपवादाच्या प्रसंगी लागते, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

एक परिचित प्रसंग :

समजा, एका गरीब विद्यार्थ्याला उत्तीर्ण होण्यासाठी दोन गुण कमी पडत आहेत. नापास झाला तर त्याचे शिक्षण सुटणार, हे शिक्षकाला ठाऊक आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शिक्षकाच्याच हाती आहेत आणि दोन गुण वाढविले तर कोणाला कळणारही नाही. कृति-उपयुक्ततावादानुसार गुण वाढविणे योग्य ठरते, कारण लाभ मोठा आहे व हानी दिसत नाही. नियम-उपयुक्ततावाद मात्र निराळा प्रश्न विचारतो : 'दया आली असता शिक्षकाने गुण वाढवावेत' हा नियम सर्वत्र रूढ झाला तर काय होईल? गुणपत्रिकेवर कोणाचाच विश्वास राहणार नाही, आणि त्याची झळ प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या गरीब विद्यार्थ्यालाही बसेल.

समर्थन आणि आक्षेप :

या भूमिकेचे बीज मिलमध्ये आढळते. खलाशी समुद्रात असताना खगोलशास्त्राचे गणित नव्याने मांडत नाही, तयार पंचांग वापरतो. मानवजातीच्या अनुभवातून आलेले नीतिनियमही तसेच वापरावेत, असा मिलचा आशय आहे. जे. ओ. अर्मसन यांनी १९५३ मध्ये मिलचे असे नियमप्रधान वाचन मांडले. १९५५ मध्ये जॉन रॉल्स यांनी एखाद्या प्रथेचे समर्थन आणि त्या प्रथेतील एका कृतीचे समर्थन यांत भेद केला. वचन देण्याची प्रथा तिच्या उपयुक्ततेमुळे टिकते. परंतु वचन दिलेल्या माणसाला दर वेळी उपयुक्ततेचा हिशेब मांडून वचन मोडण्याची मुभा नसते.

यावर जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५६ मध्ये कठोर आक्षेप घेतला. निर्जन बेटावर मरणाऱ्या मित्राला आपण वचन दिले की, त्याची संपत्ती घोडेशर्यतीच्या क्लबला देऊ. या वचनाला दुसरा साक्षीदार नाही. परतल्यावर तीच रक्कम रुग्णालयाला दिली तर अधिक कल्याण होते. अशा वेळीही नियमाला चिकटून राहणे म्हणजे नियमाची पूजा होय, असे स्मार्ट म्हणतात. डेव्हिड लायन्स यांनी १९६५ मध्ये दुसऱ्या बाजूने कोंडी केली. प्रत्येक लाभदायक अपवाद नियमात सामावून घेत गेल्यास नियम-उपयुक्ततावाद अखेर कृति-उपयुक्ततावादाशी एकरूप होतो. थोडक्यात, अपवाद नाकारावा तर पूजा, स्वीकारावा तर विलय.

ब्रॅड हूकर यांनी २००० मध्ये यातून मार्ग काढला. समाजातील बहुसंख्यांच्या अंगी बाणविता येतील असेच नियम विचारात घ्यावेत. शेकडो अपवादांनी लादलेला नियम शिकविताही येत नाही व त्यावर विसंबताही येत नाही. मात्र मोठा अनर्थ टाळण्यासाठी नियम मोडण्यास त्यांनी वाव ठेवला. अडचण नेमकी इथेच आहे. अनर्थ किती मोठा असावा, याचे माप सिद्धांत देत नाही. त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शिक्षण सुटणे हा अनर्थच आहे. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घालविलेला हिशेब मागच्या दाराने परत येतो.

उघड आणि गुप्त अपवाद :

हा पेच भारतीय परंपरेला अपरिचित नाही. महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिक ब्राह्मण सत्यव्रतापायी दरोडेखोरांना लपलेल्या लोकांची वाट सांगतो आणि अधोगतीला जातो. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्या'त (१९१५) 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणात सत्य व अहिंसा यांच्या अपवादांची चर्चा केली आहे. केवळ बाह्य परिणामांचा विचार पुरेसा नसून कर्त्याची बुद्धी पाहिली पाहिजे, असा त्यांचा आधिभौतिक सुखवादावरील आक्षेप आहे.

परंतु शिक्षकाची बुद्धीही शुद्धच असू शकते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते आणखी एक कसोटी आवश्यक आहे : अपवाद उघडपणे सांगता येतो काय? कौशिकाने मौन पाळले असते, प्रसंगी असत्यही सांगितले असते, तर ते त्याला गावासमोर सांगता आले असते. गावाने त्याला दुवाच दिला असता. दोन गुण वाढविणारा शिक्षक मात्र त्याचे कारण गुणयादीवर लिहून सही करू शकत नाही. त्याचा अपवाद गुप्ततेवरच उभा आहे. स्मार्ट यांच्या बेटावरील उदाहरणाचे बळही साक्षीदार नसण्यातच आहे.

निष्कर्ष :

नियमाचे मोल तो अचूक हिशेब देतो यात नसून, परस्परांना न ओळखणारी माणसे त्यावर विसंबू शकतात यात आहे. म्हणून विद्यार्थ्याची अडचण खरी असेल तर ग्रेस गुणांसारखी, सर्वांना सारखी लागू होणारी तरतूद मागणे हा उचित मार्ग ठरतो. तथापि तरतूद होण्यास वेळ लागतो, आणि तोवरची किंमत त्या एका विद्यार्थ्याला मोजावी लागते. ही किंमत मान्य न करता नियमाचे समर्थन करणे प्रामाणिकपणाचे नाही. नियम पाळून घरी जाणाऱ्या शिक्षकावर तो नियम सुधारण्यासाठी झटण्याची जबाबदारीही येते. ही जबाबदारी टाळली, तर स्मार्ट यांचा नियमपूजेचा आक्षेप खराच ठरेल.