ज्ञानदूत : नवे तंत्र आणि वापरकर्त्याचा अनुभव – एक चिकित्सा

धार व देवास ही नावे मराठी वाचकास पवार घराण्याच्या संस्थानांमुळे आणि कुमार गंधर्वांमुळे परिचित आहेत. संगणकाच्या इतिहासात धारचे स्थान मात्र वेगळ्या कारणाने आहे. १ जानेवारी २००० रोजी या जिल्ह्यात 'ज्ञानदूत' हा उपक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी त्यास स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. नव्या तंत्राचा स्वीकार कोणत्या निकषावर करावा, हा प्रश्न तपासण्यास हे उदाहरण उपयुक्त आहे.

धारच्या लोकसंख्येत भिल्ल, भिलाला आदी आदिवासींचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. अशा जिल्ह्यात पडद्यावर हिंदी मजकूर आणणे पुरेसे नव्हते. अक्षरओळख नसलेल्यास हिंदीही परकीच. म्हणून आठवडी बाजाराच्या व रहदारीच्या गावांत सूचनालये उभारली गेली आणि तेथे स्थानिक सुशिक्षित तरुण 'सूचक' म्हणून बसला. शेतकऱ्याने तोंडी विचारावे, सूचकाने यंत्रातून मंडीचे भाव काढून द्यावेत, अशी ही रचना होती. या रचनेत यंत्र आणि माणूस यांना जोडणारा खरा दुवा सूचकच होता. ज्ञानदूतच्या रचनाकारांची ही दृष्टी निःसंशय प्रशंसनीय होय.

उपक्रमाची मर्यादा पडद्याच्या पलीकडे दिसते. वीज आणि दूरध्वनीची तार बेभरवशाची होती. दाखल्यासाठी अर्ज सूचनालयातून जाई, परंतु सही झालेला कागद आणण्यास तहसील कचेरीची एक खेप चुकत नसे. हातपंपाची तक्रार क्षणात पोहोचे. पण पंप दुरुस्त होणे हे कचेरीच्या तत्परतेवर अवलंबून राही. उत्तर न आल्यास ग्रामस्थाचा विश्वास उडे आणि सूचकाची मिळकतही घटे, कारण ती शुल्कावर चाले. पुढे वापर रोडावला व अनेक सूचनालये बंद पडली.

जून २००० मध्ये मध्य प्रदेशातच सोयाबीन उत्पादकांसाठी आयटीसी कंपनीची 'ई-चौपाल' सुरू झाली. तेथेही गावातीलच संचालक होता. मात्र भाव सांगणारी कंपनी स्वतःच माल विकत घेत असल्याने विचारलेल्या प्रश्नाचा शेवट व्यवहारात होई. हे व्यापारी हिताचे गणित होते, हे खरे. तरी शेतकऱ्याचा अनुभव त्यामुळे अपुरा राहिला नाही.

आज भ्रमणध्वनी, बोलून आज्ञा देण्याची सोय व कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी तोच उत्साह दिसतो. बोलणारे यंत्र निरक्षराची एक अडचण निश्चित दूर करील. परंतु त्यामुळे कचेरीची खेप वाचते काय, आणि यंत्र चुकल्यास दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न उरतातच. सूचकाला निदान विचारता येत होते.

तात्पर्य, नव्या तंत्राची परीक्षा त्याच्या नावीन्यावरून न करता, अर्जदाराच्या हाती अखेर काय पडले यावरून करावी. धारचा धडा हाच आहे.