आकाश टॅब्लेट: स्वस्त होता, पण कोणाच्या ताब्यात होता?

मंडळी, आपण पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो. सरकारी पैशातून आलेल्या यंत्राचीही करायला हवी. म्हणून आज 'आकाश-२'.

११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. सात इंची पडदा, एक गिगाहर्ट्झचा ऑलविनर ए१३ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम. सरकारला किंमत पडली २,२६३ रुपये आणि विद्यार्थ्याला तो १,१३० रुपयांत मिळणार होता. सगळी चर्चा या दोन आकड्यांभोवती फिरली. माझा आक्षेप तिथेच आहे.

या टॅब्लेटचा खरा गुण जाहिरातीत नव्हताच. बटण दाबलं की ही चिप आधी एसडी कार्डाकडे बघते. कार्डावर सुरुवातीपासून ८ किलोबाइट अंतरावर बूटलोडर सापडला, तर तोच चालवते. आतल्या मेमरीकडे वळत नाही. म्हणजे आतल्या अँड्रॉइडला हात न लावता कार्डावरून लिनक्स सुरू करता येतं. काही बिघडलं तर कार्ड काढा, टॅब्लेट होता तसा. चुका करत शिकणाऱ्या पोराला याहून चांगली पाटी कुठली? आयआयटी मुंबईतल्या मंडळींनी हे ओळखलं आणि आकाशवर कार्डावरून लिनक्स चालवून दाखवलं. या कामाचं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

पण कार्डावर ठेवायचा कर्नल कुठला? त्या वेळी या चिपसाठी हाताशी होता तो चिपकंपनीने आपल्यापुरता बदललेला ३.० किंवा ३.४. कंपनीने लक्ष काढलं की तो तिथेच थांबतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या नाहीत, नवं काही नाही. मुख्य लिनक्समध्ये या चिपला जुजबी जागा मिळाली फेब्रुवारी २०१३ मध्ये, ३.८ या आवृत्तीत. कार्ड वाचणारा ड्रायव्हर आला ऑगस्ट २०१४ मध्ये, ३.१६ सोबत. पडद्याचा पूर्ण ड्रायव्हर ४.७ मध्ये, जुलै २०१६ ला. ग्राफिक्सचा 'लिमा' ड्रायव्हर तर जुलै २०१९ मध्ये, ५.२ सोबत. २०१२ साली अकरावीत असलेलं पोर तोवर इंजिनिअर होऊन बाहेर पडलं होतं!

बरं, चिपचे ड्रायव्हर आले म्हणून काम संपत नाही. चिप तीच असली तरी पडदा, टच, वायफाय यांची जोडणी प्रत्येक टॅब्लेटमध्ये वेगळी असते. ती कर्नलला सांगणारी फाइल, म्हणजे डिव्हाइस ट्री, लागते. बनवणाऱ्याला ही जोडणी माहीत असते. बाकीच्यांना ती चाचपडत शोधावी लागते.

कोणी म्हणेल, अहो, सव्वादोन हजारांत आणखी काय मागता? मी उलट म्हणेन. ज्याला दुसरा घेणं परवडत नाही, त्याचंच यंत्र जास्त वर्षं टिकलं पाहिजे. एक लाख टॅब्लेटची खरेदी म्हणजे २२ कोटी ६३ लाख रुपये. एवढ्या गिऱ्हाइकाचा शब्द कंपनी ऐकते. घासाघीस किमतीवर झाली; तेवढाच जोर जोडणीचा नकाशा आणि ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये पोचवण्यावर लावायला हवा होता.

जालन्याला भंगाराची किंमत सांगायला नको. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. कर्नल जुना झाल्यामुळे कपाटात गेलेल्या टॅब्लेटला अशी भट्टी नाही. त्याला वाचवू शकतं ते एक कार्ड आणि उघडी माहिती.

तेव्हा इथे शाळा-कॉलेजसाठी यंत्रं घेणारे कोणी बसले असतील, तर त्यांनी किंमत जरूर विचारावी. पण त्याआधी दोन प्रश्न विचारा: हे कार्डावरून सुरू होतं का? आणि आजचा मुख्य कर्नल यावर चालतो का? विकणारा गप्प बसला, तर ते यंत्र आपण विकत घेत नाही, काही वर्षांपुरतं भाड्याने आणतो आहोत, असं समजा.