‘गुप्तरोग’ : एका शब्दाची चिकित्सा

वाङ्मयाची परीक्षा त्यांतील अलंकारांवरूनच करावी असें नाहीं. तें वाचकाच्या अज्ञानाशीं कसें वागतें, हेंही पाहिलें पाहिजे. ‘गुप्तरोग’ हा आमच्या भाषेंतील रूढ शब्द आम्ही आज याच कसोटीवर घांसून पाहणार आहों.

या विषयावर मराठींत निर्भीडपणें लिहिणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें व १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालविलें. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यांत त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. वस्तुतः कर्व्यांचें गद्य गणिताच्या अध्यापकास शोभेल असें कोरडें होतें, आणि आमच्या मतें तोच त्याचा मोठा गुण होय. परंतु त्यांचा वाचक प्रौढ होता. पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं तसें गद्य शाळेंत रुळलें नाहीं. २००७ सालीं तर महाराष्ट्र शासनानें शाळांतील लैंगिक शिक्षणच थांबविलें.

मग मुलांच्या हातीं उरतो तो हा एक शब्द. ‘गुप्त’ म्हणजे लाजिरवाणें, आणि लाजिरवाणें तें वाइटांनाच होणार, असें तीं समजतात. रोग झाला तर तो दिसेलच, हा दुसरा समज. दोन्ही खोटे! उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाहीं व कांहीं आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग मात्र शरीरांत राहतो. पेनिसिलिननें तो बरा होतो, पण लाजेनें वैद्याकडे न जाणाऱ्यास त्याचा काय उपयोग? एच्.आय्.व्ही.चा संसर्ग तर वर्षानुवर्षें लक्षणांवांचून राहूं शकतो.

‘निरोध’ शब्दाचीही तीच गत. १९६८ पासून तो कुटुंबनियोजनाच्या प्रचारांतून घरोघरीं गेला. त्यामुळें मूल न होण्यापलीकडे त्याचा अर्थ कोणास सुचत नाहीं. प्रत्येक वेळीं नीट वापरल्यास तो एच्.आय्.व्ही. व परमा यांचा धोका पुष्कळच कमी करतो. कातडीच्या स्पर्शानें पसरणाऱ्या रोगांत त्याचें संरक्षण अपुरें पडतें. संततिप्रतिबंधक गोळ्या मात्र कोणत्याही संसर्गास अडवीत नाहींत.

ज्ञानानें मुलें बिघडतील, असा आक्षेप येईल. पण घरीं न मिळालेलें उत्तर मूल कुजबुजींतून आणि मोबाइलवरून मिळवितेंच. तें खरें कीं खोटें, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून आमची सूचना साधी आहे : ‘गुप्तरोग’ हा शब्द सोडून ‘लैंगिक संसर्ग’ म्हणावें, आणि ज्या सुरांत आपण विषमज्वराविषयीं बोलतों, त्याच सुरांत मुलांशीं याविषयीं बोलावें.