आनंदीबाईंचे पत्र आणि आपण वाचक

नाशिकच्या या सभागृहात आपल्यापैकी बहुतेकांना आनंदीबाई जोशी भेटल्या त्या श्री. ज. जोशी यांच्या 1968 च्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीतून, आणि 2019 नंतर चित्रपटातून. आज आपण जरा मागे जाऊ. 1883 ते 1886 या काळात अमेरिकेतून त्यांनी गोपाळरावांना पत्रे लिहिली. काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिताना त्यांचा आधार घेतला.

त्यातल्या एका पत्रात आनंदीबाई लहानपणीचा मार आठवतात. काठीचा मार, अंगावर फेकलेली पुस्तके, खुर्च्या, सोडून जाण्याची धमकी. मग त्या स्वतःच विचारतात, हे वागणे चांगले की वाईट? त्यांचे उत्तर, दोन्ही. हेतू पाहिला तर योग्य; मुलीच्या मनावरचा परिणाम पाहिला तर अयोग्य.

आता पहा, आपण काय करतो? पहिला अर्धा ठेवतो, दुसरा गाळतो. ‘मारले म्हणून तर डॉक्टर झाली,’ असे सहज म्हणून जातो. पण हेतू आणि साधन यांचा हिशेब वेगवेगळा मांडायचा असतो, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण शिकवत आलो. ती बाई ते पत्रात करून दाखवते, आणि तेही ज्याने मारले त्यालाच लिहून!

तिला नुसती कृतज्ञ पत्नी म्हणणे हा अपुरा न्याय. नुसती पीडिता म्हणणे हाही तसाच. तिने ‘दोन्ही’ म्हटले आहे. आपणही तेवढे वाचायला शिकूया.