भोळा वारली कुणाला हवा आहे?

वारल्यांवर मराठीत लिहिणं आता फार सोपं झालं आहे. गेरूच्या रंगावर पांढरे त्रिकोण काढायचे, मधोमध तारपा वाजवणारा तारपकरी उभा करायचा, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर धरायचा, की मजकुरात निसर्गाशी एकरूप झालेला, थोडक्यात सुखी असलेला भोळा आदिवासी आपोआप अवतरतो. गेल्या काही दिवाळी अंकांत हा इसम इतक्यांदा भेटला की अखेर लिहायला बसलो. तो नाचतो, चितारतो, देवाला कोंबडा देतो. हिशेब मात्र कधी विचारत नाही, कुणाशी हुज्जत घालत नाही. डहाणू-तलासरीच्या मुलखातला, झरीचा किंवा उधव्याचा माणूस असा दाखवायचा, तर त्या मुलखाचं अख्खं गेलं शतक पुसून टाकावं लागतं.

१९४५ हे एकच साल घ्या. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ त्याच वर्षी छापून आलं. कुळं, देव, लग्न, मरण, सगळं त्यात ओळीने लावलेलं. ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेही त्याच वर्षी. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे जमीनदारांकडे वेठ, म्हणजे फुकटची राबणूक, करायची नाही असं ठरवून उठले. एकाने या माणसांचं वर्णन केलं, एकीने त्यांच्या मुलांना शिकवायचं मनावर घेतलं आणि तिसऱ्या ठिकाणी ती माणसं स्वतःच बोलली. नंतरच्या लिखाणाने वर्णन तेवढं उचललं, शिक्षणाला हार घातला आणि बोलणं कम्युनिस्ट पक्षाच्या कपाटात ठेवून दिलं.

त्या कपाटातलं एक पुस्तक मात्र सगळ्यांना नावाने माहीत आहे. या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर यांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली आलं, १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि चळवळीचा दस्तऐवज म्हणून आपण ते आदराने बाजूला ठेवलं. माझ्या मते मराठी वैचारिक गद्यातल्या पहिल्या पाच-सहा पुस्तकांत त्याची जागा आहे. माणसं भितात कशी आणि भ्यायची थांबतात कशी, याचा इतका बारीक तपास आपल्या कथा-कादंबऱ्यांनी क्वचितच केला असेल. वेठ, खावटीचं कर्ज, लगनगडी यांवर बाई हळहळून थांबत नाहीत. लग्नापुरते पैसे घेतलेला माणूस बायकोसकट सावकाराकडे कसा अडकतो, कर्ज फिटतच का नाही, त्या व्यवहाराचे सांधे त्या उघडे करून दाखवतात. मधूनमधून सभेचं इतिवृत्त वाचल्यासारखं वाटतं, हे कबूल. सगळे वारली शेवटी बाईंच्याच मराठीतून बोलतात, हेही खरं. पण बोलतात. शंका काढतात, घाबरतात, आपसात खल करतात आणि मग ठरवतात.

त्या लढ्यातली एक मागणी मला फार मोलाची वाटते. पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये. मुंबईच्या बाजाराकडे जाणारं हे गवत ज्याच्या विळ्याने कापलं जायचं, त्याने पहिल्यांदाच आपल्या कामाची किंमत आपल्या तोंडाने सांगितली. श्रम म्हणजे काय आणि त्याचं मोल कुणी ठरवायचं, हा प्रश्न जर्मन पुस्तकातून आला की आपण त्याला तत्त्वज्ञान म्हणतो. गवताच्या कुरणातून आला की मजुरीचा तंटा.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला काय झालं, तेही याच अंगाने वाचायला हवं. बाई येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई जमीनदारांच्या बाजूने उठवली गेली. हजारो माणसं काठ्या घेऊन जमली. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मेले. आवईवर विश्वास ठेवणारे भोळेच की, असं म्हणणारे भेटतात. जिने वेठ मोडायला साथ दिली तिच्यासाठी रातोरात चालत येणं हा भोळेपणा असेल, तर एकनिष्ठा हा शब्द कशासाठी राखून ठेवला आहे, ते त्यांनीच सांगावं.

या उठावातल्या बायकांवर इंद्रा मुन्शी सल्डान्हा यांनी १९८६ साली लिहिलं. अर्चना प्रसाद यांचं ‘रेड फ्लॅग ऑफ द वारलीज’ २०१७ साली आलं. दोन्ही इंग्रजीत. मराठी प्रकाशक तोवर वारली नक्षीच्या डायऱ्या छापत होते.

बाकीच्यांची बोळवण थोडक्यात करतो. अनुताई वाघांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ प्रामाणिक आहे, पण टेकडीवरून आहे. ‘जैत रे जैत’ ठाकर आदिवासींचं. त्यातली गाणी सुंदर, माणसं गाण्यापुरती. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम हे मोठे कवी. सोनवण्यांची ‘स्टेज’ ही कविता तर माझ्या या लेखालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते, आणि ते रास्त आहे.

चित्रांकडे येतो, कारण भांडण तिथेच आहे. लग्नाचा चौक हे सुवासिनींचं काम. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, आत पालघट देवी बसवायची, धवलेरीने गाणी म्हणायची. त्याशिवाय लग्न लागत नाही. यशोधरा डालमियांनी १९८८ च्या पुस्तकात हा विधी मनापासून समजून घेतला. चित्रकार भास्कर कुलकर्णींनी कागद आणला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी त्या कागदावर जे केलं, त्याला तोड नाही. १९८९ साली त्यांची चित्रं पॅरिसला गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. म्हशांचं मासेमारीचं जाळं ज्याने पाहिलं आहे त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण भिंत बायकांची होती आणि कागदावर नाव पुरुषांचं आलं, यावर आपली समीक्षा मूग गिळून बसली. आता तर चित्र रेल्वे स्टेशनच्या भिंतीवर आहे, साडीवर आहे, चहाच्या कपावर आहे, आणि त्यातून धवलेरी पार नाहीशी झाली आहे.

तीच गत कणसरीची. भगत घांगळी वाजवत या धान्यदेवीची कहाणी गातो. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. लेखक इथे पोचले की भारावतात: केवढी ही कृतज्ञता! पण धान्य कणसरीचं असेल, तर खळ्यावरून ते सावकाराच्या कोठारात कोणत्या हक्काने गेलं? कहाणी ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडलाच नसेल का? कणसरी आणि झरी यांची ही सांगड माझी आहे, ती खोडून काढायला कुणी पुढे आलं तर आनंदच होईल. आज मात्र एक मानववंशशास्त्राच्या कपाटात आहे, दुसरी राजकारणाच्या, आणि दोन्ही किल्ल्या एका हाती कुणी देत नाही.

उधव्याचं नाव इतिहासात येतं तेही असंच ओझरतं. पोर्तुगीजांकडून सिल्वासा घेणाऱ्यांत सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे होते, हे पुण्यात कुणालाही विचारा. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपल्या पोलिसांसह ऑगस्ट १९५४ मध्ये उधव्याला शरण आला, हे फारसं कुणी सांगणार नाही. त्या मोहिमेत लाल बावट्याचे वारलीही उतरले होते, हे तर मुळीच नाही.

‘पण चित्रांनी चार पैसे दिले, मान दिला,’ असं मला सांगितलं जाईल. दिला. त्यावर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं भोळेपणावर आहे, कारण तो निरुपद्रवी नाही. ज्याला भोळा म्हटलं त्याला स्वतःचं मत असू शकत नाही. त्याने मत मांडलंच, तर ते कुणीतरी त्याच्या कानात सांगितलेलं असतं. १९४५ साली जमीनदार हेच म्हणत होते की कम्युनिस्टांनी यांना भडकवलं. २०२४ साली वाढवण बंदर मंजूर झालं, आणि त्याला विरोध करणाऱ्या डहाणूच्या माणसांबद्दलही हीच भाषा कानावर येते. आमचे सौंदर्यवादी लेखक जमीनदारांचे वारस नाहीत, पण जमीनदारांचा मुद्दा ते फुकटात सजवून देतात.

झरीला जो त्या दिवशी वीस वर्षांचा होता, तो आज हयात असेल तर शंभरीला टेकला आहे. तलासरीत गोदावरी परुळेकरांच्या नावाचं कॉलेज आहे, आणि तिथल्या मुलामुलींना आजीआजोबांची बोली आपल्या कुठल्याही लेखकापेक्षा चांगली कळते. हे काम त्यांनी करावं, आपण छापावं. तारप्याबद्दल विचारायला कुणीही जाईल. पाचशे पौंड गवत कापायला किती दिवस लागायचे, काट्यावर कोण उभा असायचा आणि त्याचा हात कुठे असायचा, हे विचारायला हवं.