मेणकला : एक परामर्श

आमच्या भंडाऱ्यातल्या कॉलनीत दर रविवारी सकाळी सातला एक कलाप्रदर्शन भरतं. प्रवेश विनामूल्य. कलावंत तीन, कलाकृती तीन, म्हणजे तीन मोटारी, आणि समीक्षक एक. तो मी. समीक्षक व्हायला लागणारी सगळी पात्रता माझ्यापाशी आहे. मी सेवानिवृत्त आहे, फाटकाशी खुर्ची टाकायला मला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे माझ्याकडे आता स्वतःची मोटार नाही. ज्याला स्वतःला काही करायचं नसतं त्याचीच दृष्टी निर्मळ राहते, हे मी पुस्तकांच्या समीक्षकांकडे पाहून शिकलो.

मोटारीला घरच्या घरी मेण लावणं ही कला आपल्याकडे फार उपेक्षित राहिली. चित्रावर लिहितात, नाटकावर लिहितात, कवितेवर तर कवितेपेक्षा जास्त लिहितात. पण एखादा गृहस्थ दोन रविवार खर्ची घालून, दाढी करता यावी इतका स्वच्छ चेहरा बॉनेटमध्ये उमटवतो, त्याच्यावर चार ओळी लिहायला कोणी पुढे येत नाही. ही उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न.

आमच्याकडे या कलेची तीन घराणी आहेत.

पहिलं कोरडं घराणं. त्याचे आद्य पुरुष बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. पाणी वाया घालवायचं नाही, ही या घराण्याची शिस्त. साधन एकच : निवृत्त बनियन. त्या बनियनने आठवडाभराची धूळ कोरडीच पुसून काढायची. आता भंडाऱ्याची मे महिन्यातली धूळ म्हणजे काय चीज आहे ते इथल्याच माणसाने जाणावं. इकडे वैनगंगेची रेती वाहणारे ट्रक, तिकडे उन्हाचा भपकारा. त्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, आणि ते गाडीच्या रंगापेक्षा पुष्कळ कठीण असतात. म्हणजे हे गृहस्थ दर रविवारी स्वतःच्या हाताने गाडीला पॉलिशपेपर मारतात आणि वर घाम पुसतात. सकाळी गाडी सुरेख दिसते. दुपारी बाराला तीच उन्हात पाहावी. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळं विणावं तशा हजारो बारीक रेघा गोल गोल फिरलेल्या दिसतात. अभिप्राय : रेषेवर हुकूमत आहे, पण ती न वापरली असती तर बरं झालं असतं.

दुसरं बॉनेट घराणं. इथे सगळी प्रतिभा बॉनेटवर खर्च होते. छतापर्यंत हात पोचत नाही आणि दाराच्या खालच्या कडेपर्यंत कंबर वाकत नाही, त्यामुळे कलाकृती मधल्या दोन फुटांतच फुलते. गंज मात्र रसिक नाही. तो सहसा बॉनेटवर येत नाही. चाकाच्या कमानीत ओला चिखल साचून राहतो, तिथे तो संसार थाटतो. दाराच्या तळाला पाणी निघून जावं म्हणून बारीक भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दार आतल्या आत कुजत जातं, आणि वर मालक बॉनेटमध्ये भांग पाडत असतो. अभिप्राय : चेहऱ्याला पावडर लावून दात न घासता लग्नाला निघालेल्या माणसासारखी शैली.

तिसरं नवघराणं. त्याचा एकमेव कलावंत म्हणजे समोरच्या घरातला मुलगा. नागपूरला नोकरीला आहे, शनिवारी रात्री घरी येतो. आल्यावर आईशी दोन वाक्यं बोलतो आणि गाडीशी रविवारभर. पण पोराची पद्धत मात्र शास्त्रशुद्ध. बादल्या दोन : एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, म्हणजे काढलेली रेती परत गाडीवर जायला नको. चाकांसाठी फडकं निराळं. गाडी आधी भरपूर पाण्याने भिजवायची, मग वरून खाली धूत यायचं. मेण उन्हात लावायचं नाही. पत्रा गार हवा. एकावेळी हातभर जागा, थर पातळ, तो धुरकट झाला की मऊ फडक्याने उचलायचा.

अडचण एवढीच, की आमच्या कॉलनीत सावली एकाच ठिकाणी आहे : चिंचेखाली. आणि भंडारा हा तलावांचा जिल्हा असल्यामुळे त्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती आहे. बगळेसुद्धा समीक्षकच. त्यांचा अभिप्राय नेमका मेण पुसून झाल्यावर येतो. तो थोडक्यात असतो, पण आम्लधर्मी असतो, आणि वेळेवर धुतला नाही तर कायमचा राहतो. कित्येक लेखकांना हा अनुभव असेल.

तर त्या मेणाविषयी. मुलाने मला डबी दाखवली. त्यातलं कार्नोबा नावाचं मेण ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवर तयार होतं. तो मुलूख कोरडा. उन्हात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच पानावर मेणाचा थर धरतं. माणसं ती पानं तोडतात, वाळवतात, झोडपतात आणि ते मेण गोळा करतात. मला हे फार आवडलं. सातासमुद्रापलीकडच्या एका झाडाने स्वतःचं पान जपण्यासाठी केलेली तजवीज आमच्या चिंचेखाली एका मोटारीच्या पाठीवर चोळली जाते. "गाडीच्या पाठीला ब्राझीलचं मेण, आणि इथे माझ्या टाचांच्या भेगांना कोणी विचारत नाही," ही आमच्या सौभाग्यवतीची त्यावरची समीक्षा. ती मी इथे केवळ नोंद म्हणून देतो.

इथवर सगळं ठीक आहे. पण खरा वाङ्मयीन प्रश्न पुढेच आहे. आपण मेण लावणं आणि पॉलिश मारणं या दोन्हींना एकच समजतो. दुकानात दोन्ही डब्या शेजारी शेजारी असतात, आणि आपणही सरसकट "पॉलिश मारलं" म्हणून मोकळे होतो. वास्तविक दोघांचे स्वभाव सासू-सुनेइतके वेगळे. मेण वर बसतं, थोडे दिवस राखण करतं आणि झिजून जातं. पॉलिश आणि त्याचा थोरला भाऊ रबिंग कंपाउंड ही खाणारी जात. ओरखडा काढतो म्हणजे पॉलिश काही तो भरत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूची जमीन खरवडून त्याच्या पातळीला आणतं. खड्डा बुजवण्याऐवजी सगळा रस्ताच खाली न्यावा, तसं. गुळगुळीत दिसतं हे खरं, पण रस्ता तेवढा कमी झालेला असतो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. 1986 साली मी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. रंग डाळिंबी. दर पोळ्याला आणि दर दिवाळीला मी तिला रबिंग कंपाउंडने अंग मोडेस्तोवर घाशी. फडकं लालभडक होई. ते मी अभिमानाने घरात नेऊन दाखवी, "बघ किती मळ निघाला!"

"मळ डाळिंबी असतो का हो?" सौभाग्यवतीने विचारलं.

बायकांना यंत्रातलं काय कळतं, म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला. सहा वर्षांनी बॉनेटच्या उंचवट्यावर आतलं करडं अस्तर डोकावलं तेव्हा उत्तर मिळालं. त्या काळच्या साध्या रंगांवर पारदर्शक थर नसे. फडक्यावर येत होता तो रंगच होता. रंगारी गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "साहेब, चालून नाही झिजली जी ही. पुसून झिजली."

आताच्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 125 मायक्रॉन भरतात. त्यात हा वरचा थर 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या एका केसापेक्षाही पातळ. आणि उन्हाला अडवण्याचं काम त्याच्याकडेच असतं. तो खरवडला तरी फडकं पांढरंच राहतं. काय गेलं ते दिसत नाही, आणि कुणाच्या बायकोला प्रश्न विचारायची संधी मिळत नाही.

मागच्या रविवारी त्या मुलाने पॉलिशचं मशीन बाहेर काढलं. यंदाची ही तिसरी वेळ. भुंग्यासारखं गुणगुणत ते बॉनेटवर फिरू लागलं. मला पाहून त्याने हाक मारली, "काकाजी, पहा बरं, कसं दिसून राह्यलं?"

दिसत तर अप्रतिम होतं. आजवर कोणत्याही लेखकाला मी द्यायला कचरलो असतो असा अभिप्राय माझ्या ओठांवर होता. पण मी घरात गेलो आणि देव्हाऱ्याशेजारचा पितळी गुंड उचलून आणला.

भंडारा हे पितळेचं गाव. भाण म्हणजे भांडं, त्यावरून गावाचं नाव पडलं असंही सांगतात. हा गुंड आईला 1952 साली लग्नात मिळाला. देणाऱ्याचं नाव भांड्यावर कोरायची तेव्हा रीत होती. तसं त्यावर माझ्या आजीचं नाव, खाली "पवनी" आणि साल कोरलेलं होतं. आई दर शुक्रवारी तो चिंच आणि राखेने घासायची. चिंचेचं आम्ल काळं उतरवतं आणि राख घासून चकाकी आणते. आमचा मुलूख धानाचा, त्यामुळे राख बहुतेक तुसाचीच. त्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे रेतीचीच धाकटी बहीण. पन्नास वर्षं दर शुक्रवार. गुंड असा लखलखायचा की पाहुणे पाणी पिण्याआधी तो बघत.

आईला वाचता येत नव्हतं. पण आपल्या आईचं नाव कुठे कोरलंय ते तिच्या बोटांना पाठ होतं. शेवटच्या वर्षी एकदा तिने गुंडावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि मला विचारलं, "माझ्या मायचं नाव होतं ना रे इथं?"

मी म्हटलं, "आहे ना." खोटं बोललो. तेव्हा तिरप्या उन्हात धरलं तर "पव" एवढंच दिसत होतं.

मुलाने गुंड हातात घेतला, उन्हाकडे तिरपा केला, आणि बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "मंग काकाजी, चमकवाचंच नाही का?"

"चमकव की. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात ते पाहिलं आहेस ना? जू जिथे घासतं तिथे चोळतात. त्याने बैल झिजत नाही, त्याला बरं वाटतं. तुझं मेण हे त्या जातीचं. धू, मेण लाव, दाराखालचा चिखल काढ. मशीन ठेवून दे."

"अन् हे ओरखडे?"

"ते राहू दे. गाडी चालते म्हणून पडलेत."

त्याला ते पटलं की नाही, कुणास ठाऊक. पण त्याने प्लग काढला आणि वायर गुंडाळायला घेतली. वरून बगळ्याने ताबडतोब आपला अभिप्राय दिला.

गुंड घेऊन मी आत आलो. सौभाग्यवती म्हणाली, "तो घेऊन कुठे हिंडताय? काळा पडलाय बघा किती. आणा इकडे, चिंच लावते."

मी तिला "पव" दाखवलं. तिने चष्मा लावला, बोट फिरवलं. मग चिंचेची वाटी बाजूला सारली आणि खोबरेल तेलाची बाटली माझ्या हातात दिली. जाता जाता म्हणाली, "उरलं तर टाचांना ठेवा."