षष्ठीचा प्रत्यय आणि स्त्रीचे कर्तृत्व : 'परिपूर्ती'चे पुनर्वाचन

मराठी ललित निबंधाच्या विवेचनात इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांच्या 'परिपूर्ती' या लेखाचा निर्देश अपरिहार्यपणे येतो. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाला याच लेखाचे नाव आहे. लेखाचा आशय थोडक्यात असा : एका सभेत निवेदिकेची ओळख थोर सासऱ्यांची सून, विद्वान पतीची पत्नी अशा नात्यांनी करून दिली जाते. या ओळखीत काही उणे राहिले असे तिला वाटत राहते. पुढे रस्त्यावरील शाळकरी मुले आपल्या वर्गमित्राची आई म्हणून तिचा उल्लेख करतात, तेव्हा ते उणे भरून निघते. एका विदुषीनेही अखेर मातृपदातच सार्थक मानले, असा अर्थ यातून सहज काढता येतो. नोकरी आणि संसार यांच्या ओढाताणीत सापडलेल्या स्त्रीपुढे हा अर्थ उपदेश म्हणून ठेवणेही सोपे आहे. परंतु लेखाच्या भाषेकडे बारकाईने पाहिले असता तो पुरतेपणी टिकत नाही.

लेखातील सर्व ओळखी षष्ठी विभक्तीवर उभ्या आहेत. सून कोणाची, पत्नी कोणाची, आई कोणाची, हाच प्रश्न तेथे फिरून फिरून येतो. मात्र या षष्ठ्या एका जातीच्या नाहीत. सासरा व पती यांचा निर्देश आदरार्थी अनेकवचनात होतो, म्हणून तेथे 'कर्व्यांची' हे रूप येते. शाळकरी मुले वर्गमित्राला आडनावाने व एकवचनात ओळखतात, म्हणून त्यांच्या तोंडी 'कर्व्याची' हे रूप शोभते. दोहोंत भेद केवळ एका अनुस्वाराचा. पण त्या अनुस्वाराबरोबर मोठेपणाचे सगळे ओझे गळून पडते. पहिल्या दोन नात्यांत स्त्रीला दुसऱ्याच्या कीर्तीचा अंश मिळतो. तिसऱ्या नात्यातील पुरुषाला अद्याप कीर्ती नाही. त्याचे अस्तित्वच तिच्यापासून आहे. निवेदिकेला लाभणारे समाधान मातृत्वाचे आहे, तसेच ते उसन्या प्रतिष्ठेतून सुटल्याचेही आहे.

या समाधानाचे मोल लेखिकेच्या चरित्राच्या संदर्भात अधिक कळते. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. तथापि सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जावे, हे त्यांना मान्य नव्हते. पती दिनकरराव यांनी तो विरोध बाजूस सारला. १९३० साली बर्लिन येथून इरावतीबाईंनी मानवशास्त्रातील डॉक्टरेट मिळविली आणि १९३९ पासून डेक्कन कॉलेजात अध्यापन व संशोधन केले. रसायनशास्त्राचे अध्यापक व पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झालेल्या दिनकररावांनी त्यांच्या कामास सतत पाठबळ दिले. रमाबाई रानडे यांनी १९१० च्या आपल्या आठवणींत पतीचा निर्देश 'स्वतः' या सर्वनामाने केला होता. इरावतीबाई पतीस नावाने हाक मारीत. एका पिढीच्या अंतरात संबोधनाची भाषा एवढी बदलली. मात्र सभेतील परिचयाची भाषा बदलली नाही, हेच 'परिपूर्ती'तील अस्वस्थतेचे मूळ होय.

लेखाची मर्यादाही येथेच दिसते. उणे राहिले ते काय, हा प्रश्न लेखिका अचूक विचारते. परंतु उत्तर म्हणून आणखी एक नातेवाचक नामच देते. ज्या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९५३ मध्ये भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, तिचे संशोधन या परिपूर्तीत कोठेच बसत नाही. ती सभेत असताना, प्रवासात असताना घरची कामे कोण करीत होते, याचाही उल्लेख नाही. ओढाताण मनात सुरू होते आणि मनातच मिटते.

हे उत्तर कोणत्या परिस्थितीत शक्य होते, हे पाहण्यासाठी पुण्यातील रस्ता सोडून त्याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला जावयास हवे. आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे सह्याद्रीच्या कड्यावरील महादेव कोळी जमातीचे गाव. पावसाळी भात, नाचणी, वरई आणि रानातील हिरडा यांवर या पट्ट्यातील घरे चालत आली आहेत. भाताची आवणी, हिरडा वेचणे, सरपण आणणे, मूल सांभाळणे ही सारी एकाच बाईची कामे. तेथे घर आणि काम यांत निवड करावयाची नसते. दोन्ही एकाच दिवसात उरकावयाची असतात. हंगाम संपला की या डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे मंचर-नारायणगावच्या बागायती भागात मजुरीस उतरतात. अनेक मुले आश्रमशाळेत वा वसतिगृहात राहून शिकतात. अशा ठिकाणच्या मुलीने परिचारिका वा शिक्षिका व्हावयाचे ठरविले, तर तिची घरापासूनची ताटातूट शाळेच्या वयातच सुरू होते. पुढे नोकरी दूरच्या गावी लागली आणि मूल आजीपाशी राहिले, तर तिला वर्गमित्राची आई म्हणून ओळखणारी मुले तिच्या वाटेवर भेटणार नाहीत. 'परिपूर्ती'तील ओळख घडते, कारण आई, मूल आणि शाळा एकाच परिसरात आहेत. लेखात ही अट उच्चारलेली नाही. परंतु लेखाचा शेवट तिच्यावरच उभा आहे.

यामुळे लेखाचे वाङ्मयीन मूल्य उणावत नाही. मोठ्या नावांच्या छायेत वावरणाऱ्या स्त्रीला जाणवणारे रितेपण इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी नोंदविले असेल. परंतु त्या रितेपणावरील उपाय म्हणून हा लेख वाचणे युक्त नव्हे. महत्त्वाकांक्षा आणि संसार यांचा मेळ बसला, तो दिनकररावांसारखा सहचर, शहरातील वास्तव्य आणि संशोधनास वाव देणारी संस्था यांच्या आधाराने बसला. आहुप्याच्या मुलीला यांपैकी काय उपलब्ध आहे, हा प्रश्न 'परिपूर्ती'च्या अभ्यासकाने विचारावयास हवा. तो न विचारता हा लेख तिच्यापुढे आदर्श म्हणून ठेवणे, म्हणजे व्यवस्थेची उणीव तिच्या मनाच्या माथी मारणे होईल.